शनिवारचे चोवीस व्होल्ट

आमच्या बाबांना ऐकू कमी येतं, हे बाबा सोडून नागावात सगळ्यांना माहीत होतं. बाबांच्या मते बिघाड बाहेर होता. टीव्हीचे स्पीकर हल्ली पत्र्याचे येतात. फोनमधला आवाज चपटा झालाय. माणसं तोंड न उघडता बोलायला लागली आहेत. जेवताना माझी बायको विचारायची, "बाबा, आमटी वाढू का?" त्यावर ते म्हणायचे, "कालच भरलं." मग ती निमूटपणे आमटी वाढायची आणि ते निमूटपणे खायचे. लाइटबिल खरोखरच भरलेलं असायचं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

बाबांनी चाळीस वर्षं पंपांचं वायंडिंग केलं. म्हणजे जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार काढायची आणि मोजून तेवढीच नवी गुंडाळायची. इथून रेवदंड्यापर्यंतच्या नारळी-सुपारीच्या वाड्यांमधले निम्मे पंप तरी त्यांच्या हातून गेले असतील. पण त्यांचं नाव झालं ते हातापेक्षा कानामुळे. एखाद्या वाडीत पाऊल टाकतानाच, पंप अजून दिसतही नसताना, ते सांगायचे, "पुढचं बेरिंग गेलंय." उघडून बघावं तर पुढचंच गेलेलं असायचं. लोक त्यांना चहा आधी द्यायचे आणि पंप मागाहून दाखवायचे.

हाच माणूस गेल्या उन्हाळ्यात आमच्याच विहिरीवर, कोरड्या चालणाऱ्या पंपाशेजारी खुर्ची टाकून, दुपारभर पेपर वाचत बसला. विहिरीचं पाणी खाली गेलं होतं आणि पंप किंचाळत होता. शेजारच्या वाडीतला माणूस धापा टाकत धावत आला. बाबांनी त्याला बस म्हटलं आणि पेपरातलं अर्धं पान काढून दिलं.

तेही मी हसण्यावारी नेलं असतं. पण बायको घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देते, आणि एका शनिवारी पाहुण्यांची गाडी अंगणातून मागे घेतली जात होती. गाडीचा हॉर्न वाजत होता, मी ओरडत होतो, बायको ओरडत होती. बाबा गाडीकडे पाठ करून केळीची सुकलेली पानं कापत होते. बंपर त्यांच्या पोटरीला टेकला आणि गाडी थांबली. ते वळले आणि म्हणाले, "आवाज न करता गाड्या चालवतात, कमाल हाय." गाडीतली बाई रडायला लागली. बायकोने तिला कोकम सरबत दिलं. मी घरात जाऊन पलंगावर बसलो. मी घाबरलो होतो. याला दुसरा शब्द नाही.

त्या दिवसापासून मी एकच धोशा लावला. अलिबागला चला, कान तपासून घेऊ. ते म्हणायचे, कानात मळ आहे. मळ काढून झाला. मग म्हणाले, सर्दी आहे. सर्दी गेली. शेवटी एकदा मी आवाज चढवला, म्हणजे ऐकू यावा म्हणून चढवला होता तो चढलेलाच राहिला, तेव्हा त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला.

"माळ्यावर माझा ॲम्प्लिफायर हाय," ते म्हणाले. "तो चालू कर. नुसता चालू कर, गानं नको लावूस. त्यातला हम मला ऐकू आला न्हाय, तर मी येतो डॉक्टरकडं."

हम म्हणजे ॲम्प्लिफायर चालू केला की गाणं लागायच्या आधी स्पीकरमधून जी बारीक घूं येते, ती. लाईनच्या विजेचाच तो आवाज. मोठ्या आवाजातलं गाणं बहिऱ्यालाही कळतं, कानाची खरी परीक्षा हमवर, असं बाबांचं मत होतं. करार वाजवी होता. मी लगेच हो म्हणालो. ॲम्प्लिफायर चालू करण्याची जबाबदारी माझ्यावर आहे, हे माझ्या जिना चढताना लक्षात आलं.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहे. विजेशी माझा संबंध फ्यूज गेल्यावर बाबांना हाक मारण्याइतका. माळ्यावरची पेटी उघडली तेव्हा आत उंदरांचा एक संसार होऊन गेलेला होता. सर्किटचं काही उरलं नव्हतं. दोन मोठे स्पीकर धड होते, आणि तळाशी बाबांनी स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर होता, दोन किलोचा, वार्निशने काळा पडलेला. त्यावर तांबड्या ऑइलपेंटने लिहिलं होतं: २४–०–२४. म्हणजे मधल्या तारेपासून दोन्ही बाजूंना चोवीस चोवीस व्होल्ट. भजनी मंडळासाठी त्यांनी तो तीसेक वर्षांपूर्वी केला होता. बाबांच्या अक्षरात लिहिलेला आकडा चुकीचा असू शकतो, ही कल्पना आमच्या घरात कुणालाच कधी शिवलेली नाही.

मी ॲम्प्लिफायरचा तयार बोर्ड मागवला. त्यावर लिहिलं होतं, पस्तीस व्होल्टच्या वर देऊ नये. आता त्याला लागणारा पॉवर सप्लाय मला करायचा होता. मी व्हिडिओ बघितले. ट्रान्सफॉर्मरचे चोवीस व्होल्ट डायोडमधून गेले आणि कपॅसिटरमध्ये साठले की साधारण चौतीस होतात, असं सगळेच सांगत होते, फक्त प्रत्येकाच्या मागे वाजणारं संगीत वेगळं होतं. म्हणजे कपॅसिटर पस्तीसचे चालतील. हे मी अलिबागच्या सुट्या भागांच्या दुकानात सांगितलं.

"पन्नासचे न्या," दुकानदार म्हणाला.

"चौतीस येतात. पस्तीस पुरे."

"लाईन वर-खाली होते, साहेब."

"ट्रान्सफॉर्मर वडिलांनी बांधलाय," मी म्हणालो. यावर त्याने पस्तीसचे काढून दिले. तो मला ओळखत नव्हता, पण माझ्यासारख्यांना ओळखत असावा.

शनिवारी मला सुट्टी होती. दुपारी तीनच्या सुमारास मी ट्रान्सफॉर्मर ओटीवर मांडला, त्याला वायर जोडली आणि ऑनलाइन मागवलेला डिजिटल मीटर लावला. चोवीस पॉइंट तीन. दुसरी बाजू, चोवीस पॉइंट दोन. तीस वर्षांपूर्वीची, माळ्यावर उंदरांमध्ये पडून राहिलेली वस्तू, आणि आकडा जसाच्या तसा. मला इतका अभिमान वाटला की मी बायकोला बोलावून दाखवला. तिच्या दोन्ही खोल्या भरलेल्या होत्या, तिसऱ्या कुटुंबाला तिने शेजारी पाठवलं होतं, आणि सोलकढीसाठी नारळ कमी पडत होते. तिने मीटरकडे पाहिलं आणि म्हणाली, "छान. आता नारळ सोला."

बाबांना मी मोठ्याने सांगितलं, "चोवीस! बरोब्बर चोवीस!"

"लाईन किती व्हती?" त्यांनी विचारलं.

बाबांचा हा जुना शिरस्ता. कोणतीही वस्तू मोजायच्या आधी ते भिंतीतली लाईन मोजायचे, आणि मग ती वस्तू. दोन आकडे शेजारी शेजारी लिहायचे. नुसता एक आकडा म्हणजे अर्धं माप, असं ते म्हणायचे. लहानपणापासून मी हे शंभरदा ऐकलं होतं आणि त्या दिवशी लाईन मोजली नव्हती.

"दोनशे तीस," मी म्हणालो.

सव्वीस वर्षं कचेरीत काढल्यावर, कुणी आकडा विचारला की आकडा देण्याची सवय लागते. दोनशे तीस हा सर्वमान्य आकडा आहे. कुणी तो नाकारलेला मी पाहिलेला नाही. बाबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मला वाटलं, ऐकू आलं नसेल.

मंगळवारी मी रजा टाकली. डायोड आणि कपॅसिटर जोडून झाले होते. बोर्ड मात्र अजून जोडला नव्हता, कारण बोर्ड सगळ्यात शेवटी, हेही बाबांचंच, आणि तेवढं एक मी पाळलं होतं. घर शांत होतं. पाहुणे रविवारीच गेले होते, गावात चिटपाखरू नव्हतं. मी बटण दाबलं.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कपॅसिटरमधून चहाच्या किटलीसारखी बारीक शीळ आली. मी ऐकायला जवळ वाकलो, आणि काय सुचलं कोण जाणे, लगेच मागे झालो. मग तो फुटला. त्याची टोपी छपराला लागली, कागदाचे कपटे ओटीभर उडाले आणि तव्यावर सुकट विसरल्यासारखा वास सुटला. मी बटणाकडे झेपावेपर्यंत दुसराही फुटला.

"पत्र्यावर नारळ पडला का?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं.

बाबा अंगणातून माझ्याकडे बघत होते. माझी पहिली भावना आनंदाची होती. ऐकू आलं! मग मला दिसलं की धूर त्यांच्या अंगावरून चालला होता.

ते ओटीवर आले. आत जाऊन आपला काट्याचा मीटर घेऊन आले, चामड्याच्या डबीतला, ज्याची काच एका कडेला तडकलेली आहे. त्यांनी आधी भिंतीतली लाईन मोजली. काटा दोनशे चाळीसवर गेला. मग जळलेले कपॅसिटर तोडून बाजूला केले आणि ट्रान्सफॉर्मर मोजला. काटा चौतीसवर. चोवीस नाही, चौतीस. म्हणजे डायोडनंतर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस, आणि ते माझ्या पस्तीसवाल्यांनी जमेल तेवढा वेळ सोसले होते.

"बाबा, तुमचा आकडा चुकलाय," मी म्हणालो. हे वाक्य उच्चारताना मला विचित्र वाटलं, देवाला चूक दाखवल्यासारखं.

"शनवारी लाईन किती व्हती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मोजली नव्हती," मी म्हणालो.

त्यांना ऐकू आलं नसावं म्हणून मी ते मोठ्याने सांगितलं, त्यामुळे आता ते बायकोलाही कळलं.

बाबा खाली बसले. "हा बांधला तवा गावात संध्याकाळी एकशेसत्तर यायची," ते म्हणाले. "दोनशे तीसवर बांधला असता तर मंडळाचा आवाजच फुटला नसता. म्हनून मी एकशेसत्तरला चोवीस मिळतील एवढे वेढे घातले. इकडचे सगळे असंच बांधायचे. मुंबईचं माप इकडं चालायचं न्हाय. मी लिवलं ते खोटं न्हाय. तवा ते चोवीसच व्हतं."

आता खांबावर नवा ट्रान्सफॉर्मर आलाय. होमस्टे वाढले तसा तो बसवून मिळाला. सोमवार ते गुरुवार लाईन दोनशे चाळीसला तट्ट असते. शनिवारी मात्र गाड्या येतात, दुपारी जेवून पाहुणे खोल्यांत शिरतात, आणि किहीमपासून आमच्यापर्यंत शेकडो एसी एकदम सुरू होतात. मग लाईन बसते, बसत बसत बरोबर एकशेसत्तरवर येते. दर शनिवारी दुपारी आमचं गाव तीस वर्षं मागे जातं, आणि मी नेमकं तेव्हाच मोजलं होतं. आकडा बरोबर आला कारण बाबांनी तो त्याच लाईनला लिहिला होता. इतकी अचूक चूक मला ठरवूनही करता आली नसती.

त्याच दुपारी त्यांनी तो दुरुस्त करायला घेतला. व्होल्टला तीन वेढे, दहा व्होल्ट कमी करायचे, म्हणजे तीस वेढे काढायचे. दोन्ही बाजूंच्या तारा त्यांनी जोडीने गुंडाळलेल्या होत्या, म्हणजे कधी कमी करायची वेळ आली तर दोन्हीकडचं सारखंच सुटेल. तीस वर्षांपूर्वी त्यांनी तेवढी सोय ठेवलेली होती. मी ट्रान्सफॉर्मर गुडघ्यांत धरला. ते तार लोखंडी गाभ्यातल्या फटीतून ओढून बाहेर काढत होते आणि मोजत होते. मीही मोजत होतो. माझ्या हिशेबाने अठ्ठावीस झाले तेव्हा ते तीस म्हणून थांबले.

"अठ्ठावीस झाले," मी म्हणालो. त्यांनी वर बघितलं नाही. मी पुन्हा म्हणालो, "बाबा, अठ्ठावीस!" ते तार कापत होते. त्यांचा कान माझ्यापासून हातभरावर होता.

मग लाईन मोजली, दोनशे चाळीस. ट्रान्सफॉर्मर मोजला, चोवीस. माझ्याच मोजण्यात दोन वेढे कमी भरले होते. बाबांनी रंगाचा डबा मागितला, माझ्याकडून नाही, बायकोकडून. तांबडा नव्हता, गेटचा हिरवा होता. जुना आकडा त्यांनी पुसला नाही. त्याखाली हिरव्याने लिहिलं: लाईन २४०. मग ट्रान्सफॉर्मर तसाच वाळत ठेवला आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला जाऊन पन्नासचे कपॅसिटर आणले. दुकानदाराने ते नुसते काढून ठेवले. संध्याकाळी कचेरीतून आल्यावर सगळं जोडलं, लाईन मोजली, सप्लाय मोजला, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले, आणि मगच बोर्ड लावला. बाबा खुर्ची घेऊन स्पीकरसमोर बसले होते. त्यांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. हे मला जरा जड गेलं.

बटण दाबलं. काही फुटलं नाही. आणि हम आला. माझं सोल्डरिंग बघता तो येणारच होता, पण तो बारीक घूं नव्हता. स्पीकरमध्ये कुणी भुंगा कोंडल्यासारखा होता. स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अहो, टाकी भरली असेल, मोटर बंद करा!"

बाबांनी हाक ऐकली नाही. ते पुढे वाकले आणि उजवा कान स्पीकरच्या जाळीला लावला. डोळे मिटले, पूर्वी पंपाजवळ मिटायचे तसे. मग डावा कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि तिथे काहीच हलत नव्हतं. इतके महिने मी याच क्षणासाठी भांडत होतो. तो आला, आणि मला तो अजिबात नको झाला. वाटलं, कसंही करून त्यांना ऐकू यावं.

ते सरळ बसले. "साफ हाय," ते म्हणाले. "हमच न्हाय. चांगलं काम केलंस." मग जरा थांबून विचारलं, "व्हय ना? साफ हाय ना?"

"साफ आहे," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. उठायला म्हणून त्यांनी स्पीकरच्या पेटीवर हात टेकला, आणि हात तिथेच राहिला. ते पुन्हा बसले. जाळी काढली, आणि स्पीकरच्या काळ्या कागदावर चार बोटं टेकवली, अगदी हलकी. पंपाचं अंग ते असंच बघायचे. बराच वेळ बोटं तशीच होती. मग त्यांनी बोटं काढली आणि कान लावला. कान काढला आणि बोटं लावली. असं तीनदा केलं.

"बोटाला हाय," ते म्हणाले. "कानाला न्हाय."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली.

"तुला ऐकू येतो?"

"येतो," मी म्हणालो. "खूप येतो."

"मंग साफ का म्हनालास?"

त्यांनी स्वतःच बटण बंद केलं. घर शांत झालं, म्हणजे माझ्यासाठी झालं. "न मोजता आकडा सांगायची तुझी खोड काय जात न्हाय," ते म्हणाले, पण त्यात राग नव्हता. काट्याचा मीटर त्यांनी चामड्याच्या डबीत ठेवला, डबीचं बटण दोनदा दाबून बघितलं, आणि ती मांडीवर घेऊन बसले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा लहान झाला होता.

"कानाचा डॉक्टर कधी असतो?"

मी त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उकिडवा बसलो, म्हणजे त्यांना माझं तोंड दिसेल. "मंगळवारी आणि शनिवारी," मी मोठ्याने सांगितलं. "शनिवारी जाऊ या. मला सुट्टी आहे."

"शनवारी नको," बाबा म्हणाले. "शनवारी सगळंच कमी दाखवतं. मंगळवारी जाऊ."